कॅडमध्ये रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा: लाइन जंप काढायची रीत, पायरीपायरीने

पी अँड आयडी (पाइपिंग आणि इन्स्ट्रुमेंट दाखवणारी आकृती), वायरिंग डायग्राम, हायड्रॉलिक सर्किट, यांतलं काहीही काढायला बसा, दोन रेषा एकमेकींना छेदायची वेळ लवकरच येते. पाहणाऱ्याला लगेच प्रश्न पडतो की त्या इथे जोडल्या आहेत की नुसत्या एकमेकींवरून गेल्या आहेत. उत्तर चुकलं तर पाइप चुकीच्या जागी जोडला जातो, वायर भलत्याच टर्मिनलवर जाते. लाइन जंप म्हणजे छेदाच्या जागी एका रेषेने दुसरीवरून मारलेली छोटी अर्धगोल उडी. ती एवढंच सांगते, की इथे जोड नाही.

काढायला दोन मिनिटं लागतात. पण नवीन मंडळी ती ड्रॉइंग चालू असतानाच, जिथे छेद दिसेल तिथे, डोळ्यांच्या अंदाजाने काढत सुटतात. मग एका शीटवर चार आकाराच्या उड्या, कुठे आडवी रेषा उडतेय, कुठे उभी, आणि एखादी रेषा हलवली की उडी हवेत लटकलेली. म्हणून क्रम लक्षात ठेवा: नियम आधी ठरवायचा आणि उड्या सगळ्यात शेवटी काढायच्या. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

हाताशी काय काय हवं

- ऑफिसचं किंवा क्लायंटचं ड्राफ्टिंग स्टँडर्ड. त्यात छेदाचा नियम असेल तर तोच पाळायचा, आपली आवड बाजूला.
- लेजंड शीट, म्हणजे चिन्हांची यादी असलेलं पान.
- शीटचा आकार, आणि ते शेवटी कोणत्या आकारात छापलं जाणार याची माहिती. या दोन गोष्टी बरेचदा वेगळ्या असतात.
- लेयरची यादी आणि रेषांच्या जाड्या.
- त्याच प्रोजेक्टचं एखादं मंजूर झालेलं जुनं ड्रॉइंग. स्टँडर्ड मोघम असेल तर हेच खरं स्टँडर्ड समजा.

१. जंप, गॅप की सरळ छेद, ते ठरवा

जोड नसलेला छेद दाखवायच्या तीन पद्धती चालतात. एक, रेषा सरळ एकमेकींवरून न्यायच्या आणि जिथे खरंच जोड आहे तिथे भरीव ठिपका द्यायचा. दोन, अर्धगोल उडी. तीन, एक रेषा छेदाच्या अलीकडे-पलीकडे थोडी तोडायची, म्हणजे गॅप.

इलेक्ट्रिकल सर्किटमध्ये आणि हायड्रॉलिक-न्यूमॅटिकच्या आयएसओ १२१९ चिन्हांमध्ये पहिली पद्धत रूढ आहे: ठिपका असेल तर जोड, नसेल तर नाही. अशा ड्रॉइंगवर हौसेने उड्या घालू नका. पी अँड आयडीमध्ये मात्र गॅप आणि जंप दोन्ही सर्रास दिसतात, कारण तिथे जोडावर ठिपका द्यायची पद्धत सहसा नसते. टी आकार दिसला की जोड आहे असंच वाचतात.

ठिपक्याच्या पद्धतीत एक सापळा आहे. चारही बाजूंनी रेषा येऊन मध्ये ठिपका, अशी जोड काढू नका. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये ठिपका पुसट झाला की ती जोड साधा छेद वाटायला लागते, आणि शाईचा डाग पडला की साध्या छेदाची जोड होते. त्याऐवजी दोन टी जोड थोड्या अंतरावर सरकवून काढा. मग ठिपका गेला तरी अर्थ जात नाही.

एक फरक इथेच डोक्यात पक्का करा. स्कीमॅटिकमध्ये, म्हणजे काय कशाला जोडलंय एवढंच दाखवणाऱ्या आकृतीत, कोणती रेषा तुटली याला उंचीचा काहीही अर्थ नसतो. पाइपिंगच्या लेआउटमध्ये (प्रत्यक्ष जागेची मांडणी) किंवा आयसोमेट्रिकमध्ये (तिरकस त्रिमितीय चित्र) मात्र असतो: तुटलेला पाइप खालून किंवा मागून जातो असं वाचलं जातं. स्कीमॅटिकची सवय घेऊन लेआउट काढायला बसलात आणि सोयीची वाटली ती रेषा तोडलीत, तर साइटवर पाइप वरचा खाली आणि खालचा वर लागू शकतो.

२. उडी कोणती रेषा मारणार

सोपा नियम हवा असेल तर दिशा धरा: उडी नेहमी उभ्या रेषाच मारणार, किंवा नेहमी आडव्याच. कोणती धरलीत याने फरक पडत नाही, पण संपूर्ण शीटसेटमध्ये तीच राहिली पाहिजे.

पी अँड आयडीमध्ये मला महत्त्वाचा क्रम लावणं जास्त पटतं. मुख्य प्रोसेस लाइन सरळ, अखंड जाते. युटिलिटीची (पाणी, वाफ, हवा यांची) लाइन तिला ओलांडताना उडी मारते किंवा तुटते. इन्स्ट्रुमेंटची सिग्नल लाइन दोघींना मान देते. दोन रेषा एकाच दर्जाच्या असल्या तरच दिशेचा नियम लावायचा. नजर मुख्य प्रवाहावरून न अडखळता जाते, आणि तपासणारा सगळ्यात आधी तोच प्रवाह पाहत असतो.

उडीचा फुगवटा कुठे, हेही आत्ताच ठरवा. आडवी रेषा उडते तेव्हा फुगवटा वर. उभी उडते तेव्हा डावीकडे किंवा उजवीकडे, पण कायम एकाच बाजूला.

३. माप ठरवा, तेही कागदावरचं

उडीची त्रिज्या स्क्रीनवर बघून ठरवू नका. झूम केल्यावर काहीही सुंदर दिसतं. A3 वर छापायच्या शीटसाठी त्रिज्या १.५ मिमी ठीक पडते, म्हणजे उडीची रुंदी ३ मिमी. समांतर रेषांमधलं अंतर ५ मिमी असेल तर शेजारशेजारच्या दोन उड्यांमध्ये २ मिमी जागा उरते आणि वाचायला त्रास होत नाही. त्रिज्या २ केलीत तर उरतो जेमतेम १ मिमी, आणि उड्यांची माळ दिसायला लागते. त्रिज्या वाढवायची तर रेषांमधलं अंतरही वाढवायला हवं.

शीट A1 ची असेल तर सावध राहा. A1 आहे ८४१ × ५९४ मिमी आणि A3 आहे ४२० × २९७, म्हणजे A1 चं ड्रॉइंग A3 वर काढलं की प्रत्येक लांबी निम्मी होते. साइटवर सगळे A3 चीच प्रिंट घेऊन फिरतात. १.५ ची उडी तिथे ०.७५ ची होते, आणि रेषेच्या जाडीत जवळजवळ बुजून जाते. A1 साठी त्रिज्या २ ते २.५ घ्या आणि रेषा ७ ते ८ मिमी अंतराने मांडा.

मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे जिथे वस्तू खऱ्या मापात काढतात तिथे काम करत असाल आणि व्ह्यूपोर्ट (शीटवर ते मॉडेल दाखवणारी खिडकी) १:५० असेल, तर कागदावरच्या १.५ साठी मॉडेलमध्ये त्रिज्या ७५ लागते. स्कीमॅटिक बहुधा कागदाच्या मापातच काढतात, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

४. आधी छेद कमी करा

उडी काढण्यापेक्षा ती लागूच न देणं केव्हाही चांगलं. एखादं उपकरण शेजारच्याच्या जागी नेलं, पंपांचा क्रम उलटा केला, हेडर (ज्यातून फाटे फुटतात तो मुख्य पाइप) खालून वर घेतला, की निम्मे छेद नाहीसे होतात. फार लांब जाणारी रेषा मध्येच थांबवून दोन्ही टोकांना कनेक्टर बाण आणि तोच क्रमांक द्या. सात रेषा ओलांडत नेण्यापेक्षा वाचणाऱ्याला ते सोपं जातं.

उरलेल्या छेदांकडे एकदा नीट पाहून घ्या. तीन रेषा एकाच बिंदूत छेदत असतील तर एक सरकवा. तिथे कोणतीही उडी स्पष्ट दिसत नाही. छेद व्हॉल्व्हच्या चिन्हाला, रेषेच्या वळणाला, बाणाला किंवा लाइन नंबरला चिकटून असेल तरी रेषा सरकवा. एकाच रेषेला दाटीने चालणाऱ्या चार-पाच रेषा ओलांडायच्या असतील तर पाच उड्या काढू नका, सगळ्यांना मिळून एक लांब गॅप द्या.

५. साध्या ऑटोकॅडमधली रीत: सर्कल आणि ट्रिम

साध्या ऑटोकॅडच्या लाइन कमांडला लाइन जंप माहीतच नाही. हातानेच काढावा लागतो, आणि ही रीत ब्रिक्सकॅड, ड्राफ्टसाइट अशा तत्सम प्रोग्रॅममध्येही थोड्याफार फरकाने चालते. समजा आडवी रेषा उभ्या रेषेवरून उडी मारणार आहे.

अ) ऑब्जेक्ट स्नॅपमध्ये इंटरसेक्शन चालू करा. उडणाऱ्या रेषेचा लेयर करंट करा. हे विसरलं तर उडी भलत्याच रंगात आणि भलत्याच जाडीत छापली जाते, आणि ते प्रिंट हातात आल्यावरच कळतं.

आ) सर्कल कमांड घ्या, केंद्र नेमकं छेदबिंदूवर, त्रिज्या १.५.

इ) ट्रिम घ्या. २०२१ पासूनच्या ऑटोकॅडमध्ये ट्रिम मुळात क्विक मोडमध्ये उघडतं, म्हणजे समोरची प्रत्येक वस्तू कापणारी कड धरली जाते. त्यामुळे वर्तुळाच्या आतली आडवी रेषा एका क्लिकमध्ये जात नाही: उभ्या रेषेच्या डावीकडचा तुकडा एक क्लिक, उजवीकडचा दुसरी. उभ्या रेषेला हात लावू नका. मग वर्तुळाचा खालचा अर्धा भाग, तोही दोन क्लिकमध्ये, कारण उभी रेषा त्याला खाली मधोमध छेदते. जुनी पद्धत अंगवळणी पडली असेल तर ट्रिमएक्स्टेंडमोड हे व्हेरिएबल ० करा. मग कापणारी कड आधी तुम्ही निवडायची.

ई) उरलेली दोन टोकं आणि मधला अर्धगोल निवडून जॉइन द्या. तिन्ही मिळून एक पॉलिलाइन होते आणि पुढे रेषा हलवताना उडी मागे राहत नाही.

वर्तुळाऐवजी थेट आर्क काढायचा असेल तर आधी रेषा ब्रेक कमांडने तोडा आणि आर्कमध्ये सेंटर, स्टार्ट, एंड हा पर्याय घ्या. ऑटोकॅड आर्क घड्याळाच्या उलट दिशेने काढतं, त्यामुळे आडव्या रेषेवर वरचा फुगवटा हवा असेल तर सुरुवात उजव्या टोकापासून. डावीकडून सुरू केलंत तर उडी खाली जाते. उभ्या रेषेवर फुगवटा डावीकडे हवा तर सुरुवात वरच्या टोकापासून. चुकलात तर शेवटचा बिंदू देण्याआधी कंट्रोल दाबून धरा, दिशा उलटते.

पॉलिलाइन काढता काढताच उडी घ्यायचा मोह होतो. त्यात मेख अशी, की आर्कचा पर्याय घेतला की पॉलिलाइन आधीच्या तुकड्याच्या दिशेनेच वळायला लागते, आणि अर्धगोलाऐवजी काहीतरी भलतंच येतं. तिथे डिरेक्शन पर्याय घेऊन ९० अंश द्यायचे, मग उजवीकडे ३ मिमीवर शेवटचा बिंदू, आणि परत लाइनवर यायचं. जमतं, पण आपण उड्या शेवटी काढणार आहोत, त्यामुळे याची गरज क्वचितच पडते.

६. उड्या पुष्कळ असतील तर ब्लॉक करा

शीटवर दहा-पंधरा उड्या असतील तर दरवेळी ट्रिम मारत बसणं नको वाटतं. तेव्हा वाइपआउट (मागचं झाकणारा कोरा तुकडा) वापरून ब्लॉक, म्हणजे पुन्हा पुन्हा टाकता येणारं तयार चिन्ह, करतात. यात मूळ रेषा तोडायचीच नसते. तिचा मधला भाग फक्त झाकायचा.

लेयर ० वर त्रिज्या १.५ चा वरचा अर्धगोल काढा. त्याच्या दोन टोकांदरम्यान ३ मिमी लांब आणि ०.८ मिमी उंच असा आयत काढा, मध्य छेदबिंदूवर. वाइपआउट कमांडचा पॉलिलाइन पर्याय घेऊन त्या आयताचं वाइपआउट करा. हा आयतच हवा: आर्क असलेली पॉलिलाइन वाइपआउट स्वीकारत नाही. ड्रॉऑर्डरने वाइपआउट मागे, अर्धगोल पुढे. मग दोन्हींचा ब्लॉक, बेस पॉइंट छेदाच्या जागी. लेयर ० वर केल्यामुळे ब्लॉक ज्या लेयरवर टाकाल त्याचा रंग आणि जाडी घेतो. उभ्या रेषेसाठी तोच ब्लॉक ९० अंशात फिरवा, फुगवटा डावीकडे येतो.

ब्लॉक टाकला की जी रेषा सरळ जायला हवी तीही मध्ये ०.८ मिमी झाकली जाते. म्हणून तिला ड्रॉऑर्डरने सगळ्यात पुढे आणा. थर असे लागतात: तळाला उडणारी रेषा, मध्ये ब्लॉक, वर सरळ रेषा. हे एकदा नीट लावलं की ड्रॉइंग झकास दिसतं.

वाइपआउटची चौकट छापून येते, ही नेहमीची तक्रार. वाइपआउटफ्रेम २ करा: चौकट स्क्रीनवर दिसते, निवडता येते, पण छापली जात नाही. ० केलंत तर कुठेच दिसत नाही, आणि नंतर तीच शोधत बसावं लागतं.

दोन्हींतली कोणती रीत घ्यावी? ड्रॉइंग शेवटपर्यंत तुमच्याच ऑफिसात आणि त्याच सॉफ्टवेअरमध्ये राहणार असेल तर ब्लॉक. रेषा अखंड राहते, आणि छेद हलला की ब्लॉक उचलून नव्या जागी ठेवला की झालं. फाइल डीएक्सएफ (कॅड प्रोग्रॅममध्ये देवाणघेवाणीचा फाइल प्रकार) करून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाणार असेल तर मी ट्रिमवरच विसंबतो. वाइपआउट आणि थरांचा क्रम सगळीकडे जसाच्या तसा पोचेल याची खात्री देता येत नाही, आणि झाकण उडालं की उडीखाली सरळ रेषाही दिसते. मग तो जंपही राहत नाही आणि छेदही.

७. तुटक रेषांचं वेगळं

सिग्नल लाइन तुटक असते, आणि इथे सगळा गोंधळ होतो. तुटक रेषेला गॅप देऊ नका. आधीच फटी असलेल्या रेषेत आणखी एक फट कोणाला कळणार? तिला उडी द्या.

पण १.५ त्रिज्येच्या अर्धगोलाची लांबी जेमतेम ४.७ मिमी. लाइनटाइपचा पॅटर्न त्यात पूर्ण बसला नाही की ऑटोकॅड तो तुकडा सलग काढतं. तुटक रेषेवर सलग उडी, हे चालतं, उलट उठूनच दिसतं. मात्र जॉइन करून पॉलिलाइन केली असेल आणि पॅटर्न सगळीकडून सारखा वाहायला हवा असेल, तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये लाइनटाइप जनरेशन चालू करा. त्यात एखादी फट नेमकी उडीच्या माथ्यावर येऊ शकते. आली तर लाइनटाइप स्केल किंचित बदलून बघा.

८. जिथे सॉफ्टवेअर स्वतः उडी काढतं

व्हिजिओमध्ये पेज सेटअपच्या लेआउट अँड राउटिंग टॅबवर सगळं आहे: उडी आडव्या रेषांना की उभ्यांना, आकार आर्क, गॅप की चौकोनी, आणि मोठी किती. हे फक्त कनेक्टरला लागू होतं. लाइन टूलने काढलेल्या साध्या रेषेवर उडी येत नाही, आणि नवीन माणूस सेटिंग पुन्हा पुन्हा तपासत बसतो. ड्रॉ डॉट आयओमध्ये कनेक्टरच्या स्टाइलमध्ये लाइन जंप्स निवडा. कोण कोणावरून उडी मारणार हे पुढे-मागेच्या क्रमावर ठरतं.

ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये ड्रॉइंग प्रॉपर्टीजमध्ये वायर क्रॉससाठी सॉलिड, गॅप आणि लूप हे पर्याय आहेत. वायर टाकण्यापूर्वीच निवडा. चुकीची वायर तुटली असेल तर फ्लिप वायर गॅपने बाजू बदलते. इथे साधा ब्रेक किंवा ट्रिम मारायचा नाही. गॅपच्या दोन्ही बाजूंचे तुकडे ही एकच वायर आहे, याची नोंद सॉफ्टवेअर स्वतः ठेवत असतं. हाताने तोडलीत तर त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या वायर होतात, आणि वायर नंबर टाकताना एकाच वायरला दोन नंबर मिळतात. पी अँड आयडीसाठीच्या खास प्रोग्रॅममध्येही हेच पथ्य पाळा: रेषा डेटाबेसशी बांधलेली असते, त्यामुळे गॅप त्यांच्याच सेटिंगमधून घ्यायचा.

९. तपासणी आणि रिव्हिजन

ड्रॉइंग संपलं की एकेका मुख्य रेषेवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नजर फिरवा. प्रत्येक छेदाशी थांबा: इथे जोड आहे का, नसेल तर उडी आहे का, आणि नियमात बसणाऱ्या रेषेनेच ती मारली आहे का. जोड असलेल्या टीवर चुकून पडलेली उडी इथेच सापडते. लेजंड शीटवर जंपचं चिन्ह नसेल तर घाला. मग A3 वर प्रिंट काढून हात लांब करून बघा. वाचता आलं नाही तर त्रिज्या वाढवा.

रिव्हिजनमध्ये खालची रेषा पुसली जाते आणि तिच्यावरची उडी तशीच राहते. पाहणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी होतं किंवा काहीतरी काढायचं राहिलंय. अशा अनाथ उड्या शोधायला क्विक सिलेक्ट कामाला येतं: ऑब्जेक्ट टाइप आर्क, प्रॉपर्टी रेडियस, किंमत १.५. शीटवरच्या सगळ्या सुट्या उड्या एकदम निवडल्या जातात, आणि ज्या उडीखालून काही जात नाही ती लगेच दिसते. सगळ्यांची त्रिज्या एकच ठेवली असेल तरच हे साधतं. जॉइन केलेल्या उड्या मात्र आर्क म्हणून निवडल्या जात नाहीत. त्यामुळे ड्रॉइंग अजून बदलत असेल तर जॉइन लांबणीवर टाका आणि अंतिम इश्यूच्या आधी एकदाच करा. ब्लॉक वापरले असतील तर क्विक सिलेक्टमध्ये ब्लॉकच्या नावाने निवडा. अनाथ उडी सापडली की अर्धगोल पुसून दोन्ही तुकडे जॉइनने परत एक करा. मधली फट नुसती नवी रेषा टाकून भरलीत तर एका रेषेचे तीन तुकडे होतात आणि पुढच्या माणसाला ते एकेक करून हलवावे लागतात.